चुलीपाशी राहिलेली तलवार

खेरोलीच्या दादूद्वाऱ्यातील, म्हणजे दादूपंथी साधूंच्या मठातील, शस्त्रे संस्थानच्या दरबारच्या माणसांनी उंटगाड्यांवर भरून नेली, त्या सकाळी टीकमदास स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पीठ चाळत होते. भाले गेले, ढाली गेल्या, तोड्याच्या बंदुका गेल्या. सरपण फोडायच्या कुऱ्हाडीसुद्धा शस्त्रांत धरल्या गेल्या. शेवटी दरबारच्या कारकुनाने स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. चुलीच्या कडेला काजळीने काळी झालेली, मुठीला गोणपाट गुंडाळलेली एक लांब लोखंडी पट्टी पडली होती.

"हे काय आहे, बाबा?"

"निखारे ओढायला," टीकमदास म्हणाले.

कारकुनाने धुराने आलेले डोळ्यांतले पाणी पुसले आणि तो माघारी फिरला.

टीकमदास खोटे बोलले नव्हते. ती त्यांची तलवार होती. परंतु निखारे ओढणे आणि त्यांत भाजायच्या कणकेच्या बाट्या उलटणे यांपलीकडे तिने काही केल्याला इतका काळ लोटला होता की, ती तलवार आहे हे गाड्या गावाबाहेर गेल्यानंतरच त्यांच्या ध्यानात आले. मग ते थोडा वेळ तिच्याकडे पाहत बसले. नंतर पीठ चाळण्याचे काम अर्धे राहिले होते, ते त्यांनी पूर्ण केले.

टीकमदास नागा, म्हणजे शस्त्रधारी साधू, कसे झाले, याची हकीकत फार मोठी नाही. त्यांच्या आईची मुले जगत नव्हती. जगलेले मूल दादूजींच्या चरणी वाहीन, असा तिने नवस केला आणि तो पाळला. चालता येऊ लागल्यावर तिने मुलाला नागांच्या जमातीचे गुरू पोकरदास महाराज यांच्या ओटीत घातले आणि मागे वळून न पाहता ती निघून गेली, असे पोकरदास सांगत असत. पुढे गुरूंनी त्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रे चढवली, हाती तलवार दिली, पटा फिरवायला शिकवले. लग्न नाही, घर नाही. दिवसाला दोन वेळा दादूजींच्या वाणीची आरती आणि दरबारचे बोलावणे आले की कूच. टीकमदास एकदाच मोहिमेवर गेले. सारा न भरणाऱ्या एका ठाकुराच्या गढीपुढे जमातीने तळ दिला होता. लढाई झालीच नाही. ठाकुराने नमते घेतले. परतीच्या वाटेवर मात्र एक बिथरलेला उंट टीकमदासांच्या गुडघ्यावर बसला, आणि त्यांची शिपाईगिरी तिथेच संपली.

गुडघा मोडलेल्या माणसाला स्वयंपाकघर मिळाले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी निखाऱ्यांतली बाटी तलवारीच्या टोकाने उलटली आणि नेमके गुरूंनी ते पाहिले. टीकमदास घाबरून उभे राहिले. पोकरदासांनी वाकून बाटी पाहिली. मग म्हणाले, "उलट, उलट. तेवढ्यासाठी तरी बाहेर निघाली बिचारी." तेव्हापासून तलवार चुलीपाशी राहिली.

शस्त्रे गेली त्याच दिवशी महंत जयतराम यांनी दुपार कलल्यावर जमात बोलावली. दरबारने जमात मोडल्याचे जाहीर केले होते. आता पुढे काय करायचे, हे ठरवणे भाग होते. महंत वयाने सर्वांत वडील. त्यांच्या नजरेला मोतीबिंदूने ग्रासले होते. समोर कोण आले, हे ते आवाजावरून ओळखत.

वाणीची पोथी पांढऱ्या कापडात गुंडाळून गादीवर ठेवली होती. समोर सर्वजण रांगेने बसले आणि कोणीही बोलेना. कारण जमातीचा एक जुना नियम होता. ज्याला बोलायचे आहे, त्याने आपले शस्त्र वाणीपुढे ठेवायचे. शस्त्र ठेवल्यावाचून बोललेला शब्द हा मनगटाचा शब्द, तो जमातीने ऐकायचा नाही. शिवाय, शस्त्र ठेवून तातडीचे काही सांगितले गेले, तर त्याचा निकाल लागल्याखेरीज दुसरी गोष्ट काढायची नाही. आणि ज्याचे शस्त्र पुढे पडले आहे, त्याने सभा सोडून जायचे नाही.

अखेर उदोदास यांना राहवले नाही. ते टीकमदासांचे गुरुबंधू. जीभ सैल, मन मोकळे.

"महंतजी, आता तर कुणाच्याच हातात काही नाही. मग सगळेच बोलू शकतात की!"

"ज्याच्याकडं ठेवायलाच काही नाही, त्यानं कशाच्या जोरावर बोलायचं?" महंत म्हणाले. "शस्त्र ठेवायचं म्हणजे काही तरी सोडायचं. तू काय सोडतोयस?"

"मी? मी आयुष्यभर सगळं सोडतच आलोय. आता धोतर तेवढं उरलंय."

काहीजण हसले, महंत हसले नाहीत. उन्हाची तिरीप सरकत पोथीपर्यंत आली. म्हातारी माणसे मांड्या बदलू लागली. तेव्हा उदोदास यांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिले.

"अरे, टीकमचा चिमटा आहे की!"

"चिमटा नाही, तलवार आहे," टीकमदास म्हणाले. आपण जमातीत तोंड उघडले, हे जाणवून ते लगेच गप्प झाले.

"महंतजी, शस्त्र सापडलं!" उदोदास म्हणाले. "आज अख्ख्या जमातीत एकच योद्धा उरला, आणि तो आपला आचारी."

तलवार आणली गेली. ती काजळीसकट वाणीपुढे ठेवण्यात आली. महंतांनी पुढे वाकून तिच्यावरून हात फिरवला. हाताला राख लागली, ती त्यांनी पुसली नाही. "चालेल," ते म्हणाले. "ज्याला बोलायचं त्यानं उचलायची, पुन्हा ठेवायची, आणि बोलायचं. टीकम, तुझं शस्त्र आहे. ते इथं आहे तोवर तू सभा सोडून जायचं नाहीस."

टीकमदासांनी मान डोलावली. परंतु त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. संध्याकाळच्या पंगतीच्या बाट्या त्यांनी सभेला येतानाच गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरल्या होत्या. काही वेळाने त्या उलटाव्या लागणार होत्या, आणि उलटायचे साधन वाणीपुढे पडले होते.

प्रथम चेतनदास उठले. ते जमातीचे जमादार. कवायत त्यांनीच घेतलेली. कंबर अजून ताठ. त्यांनी तलवार उचलली, ठेवली.

"दरबारच्या नव्या पोलिसांत आपल्याला घेतायत. एकत्र, एका तुकडीत. खाकी घालावी लागेल, पण पगडी आपलीच ठेवा म्हणाले. आपल्याला दुसरं येतं काय? मी तर जाणार. तुम्हीही चला."

उदोदास यांनी तलवार ठेवायची घाई केली. "पगडी ठेवू देतील, आणि एकादशीला दारूच्या भट्टीवर धाड घालायला पाठवतील. चेतनदासजी, तुमची कंबर ताठ आहे म्हणून आमचीही असेल असं समजू नका. मी सकाळी उठतो तेव्हा आधी एक गुडघा उठतो, मग दुसऱ्याची वाट बघतो. माझं म्हणणं, जमातीची जमीन वाटून टाका. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर झोपडी बांधावी. आपली चूल, आपली भाकरी. मरेपर्यंत पुरेल."

"आणि आरती?" महंतांनी विचारले.

"ज्यानं त्यानं आपली म्हणावी."

"तुला पूर्ण येते का?"

उदोदास खाली पाहू लागले. महंतांनी सुस्कारा टाकला. "लढाई होती तेव्हा भजनाला वेळ नाही म्हणत होता. आता वेळच वेळ आहे, तर भजन येत नाही. काय करू मी तुमचं?"

मग तलवार फिरत राहिली. चेतनदासांनी ती दोनदा ठेवली, उदोदासांनी तीनदा. आवाज चढले आणि पुन्हा उतरले. कोणी म्हणाले, गावोगाव वाणी सांगत हिंडू. त्यावर दुसरा म्हणाला, पाय कुणाचे घेऊन हिंडणार? राग करण्याइतकीही ताकद कोणाच्यात उरली नव्हती. वादसुद्धा जणू बसल्या बसल्या भिंतीला टेकला होता.

टीकमदास ऐकत होते. 'आपली चूल, आपली भाकरी' हे शब्द त्यांच्या मनातून जाईनात. ज्या बाईने त्यांना इथे सोडले तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. गावाचे नावही कोणी सांगितले नव्हते. आयुष्यात एकट्याने जेवल्याचा प्रसंग त्यांना आठवेना. मोडलेल्या गुडघ्यासह ते कुठल्या तरी वावरात, एका तव्यावर एक भाकरी टाकत बसले आहेत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले. जमात पोलिसांत गेली तरी चूल विझणार होती. जमीन वाटली तरी विझणार होती. त्यांनी मनाशी एक वाक्य जुळवले: काहीही करा, पण चूल एक राहू द्या. ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिले. जमातीपुढे शस्त्र ठेवून ते कधीही बोलले नव्हते, म्हणून वाक्य पक्के करणे आवश्यक होते.

"कुणी राहिलंय का?" महंतांनी विचारले.

टीकमदास उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी तलवार उचलली, वाणीपुढे ठेवली आणि तोंड उघडले. नेमक्या त्याच क्षणी वाऱ्याचा झोत स्वयंपाकघराकडून आला, आणि जन्मभर ज्या वासावर त्यांचे नाक पहारा देत आले होते तो वास त्यांना आला. जुळवलेले वाक्य कुठल्या कुठे गेले.

"महंतजी, बाट्या करपतायत."

मग उदोदास हसू लागले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. चेतनदास कपाळावर हात मारून म्हणाले, "इथं जमातीचा निकाल लागायचाय आणि याला बाट्यांचं पडलंय!"

"गप्प बसा," महंत म्हणाले. "त्यानं शस्त्र ठेवून सांगितलंय. आधी त्याचा निकाल लागला पाहिजे." त्यांनी डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले की, त्यांना झोप लागली असावी असे वाटले. "टीकम, उचल तुझं शस्त्र. जा, बाट्या उलट."

"आणि सभा?" चेतनदासांनी विचारले.

"सभेला शस्त्र लागतं. शस्त्र चुलीपाशी लागतं. मग सभा कुठं व्हायची ते तूच सांग. ज्याला बोलायचं असेल त्यानं इथून पुढं चुलीपाशी यावं. चूल आहे तोवर यावं." त्यांनी हात पुढे केला. "मला धरा कुणी तरी. मला भूक लागलीय."

अशा रीतीने, टीकमदासांनी न मागितलेली गोष्ट त्यांना मिळाली. परंतु ते समजून घ्यायला त्यांना सवड नव्हती. ते लंगडत स्वयंपाकघरात गेले, राख बाजूला सारली आणि एकेक बाटी उलटू लागले. खालची बाजू काळी झाली होती. त्या संध्याकाळी जमातीने करपलेल्या बाट्या डाळीत कुस्करून खाल्ल्या. कोणीही तक्रार केली नाही. उदोदास तेवढे म्हणाले, "टीकमभाई, दरबारनं आमची हत्यारं नेली, दातांवर तू तरी दया कर." पुढे काय करायचे, याविषयी त्या पंगतीत कोणी चकार शब्द काढला नाही. सर्वजण फार थकले होते.

जमात टिकली, असे म्हणणे खरे ठरणार नाही. चेतनदास दुसऱ्या दिवशी सकाळीच काही जणांना घेऊन शहराकडे निघाले. जाण्यापूर्वी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. टीकमदासांनी वाटेसाठी बाट्या फडक्यात बांधून दिल्या. चेतनदासांनी चुलीकडे पाहिले, तलवारीकडे पाहिले. काही बोलावे असे त्यांच्या मनात असावे. पण ते पंथाच्या नमस्काराचे "सत्यराम" एवढेच म्हणाले, आणि टीकमदासांनीही "सत्यराम" म्हटले.

पुढे जमातीची जमीनही वाटली गेली, आणि उदोदासांनी आपल्या वाट्याच्या तुकड्यावर झोपडी बांधली. त्यांनी तिथे चूलही मांडली. पहिल्या पावसात ती ढासळली आणि त्यांनी ती पुन्हा मांडली नाही. सायंकाळी ते काठी टेकत येतात, चुलीजवळची जागा धरून बसतात आणि म्हणतात, "मला बोलायचंय." टीकमदास निखाऱ्यांतून तलवार काढून त्यांच्यापुढे ठेवतात. महंतही भिंतीला धरून येतात आणि बसतात. त्यानंतर उदोदासांना काय बोलायचे होते ते बहुधा आठवत नाही.

"लवकर बोल," टीकमदास म्हणतात. "मला बाट्या उलटायच्यात."