गोधडीत काही नव्हतं

"तिथूनच बोल. जवळ नको येऊस."

डॉक्टर हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या टेबलापासून चार हात लांब होते. कंपनीच्या ऑफिसात आमची तपासणी चालू होती. मागे भरणी खात्यातल्या बायकांची रांग. बाजूला एचआरच्या मॅडम, पुढ्यात फॉर्मचा गठ्ठा. माझे डोळे लाल, सारखं पाणी गळतंय. श्वास घेतला की छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी ना डोळा उघडून बघितला, ना छातीला नळी लावली.

"घरी चूल?"

"नाही. गॅस आहे."

"राहायला कुठे?"

"बेलवलीला. विहाराच्या मागे."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. ती नजर मी शाळेपासून ओळखते.

"ओल असेल. झुरळं असतील. गोधड्या वापरता ना? सगळी धूळ त्यातच."

मॅडम रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घर जरा साफ ठेवत जा गं. तुमच्या लोकांना सांगून सांगून थकलो."

तुमच्या लोकांना. कोणीतरी मागे हसलं. मॅडमनी फॉर्मवर लिहिलं : कारण, घरातील धूळ आणि अस्वच्छता. मी सही केली. आजही त्या सहीची मला चीड येते.

अंबरनाथच्या त्या कारखान्यात मी संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटल्या भरते. नळाखाली बाटली धरायची, भरली की पुढे सरकवायची. धार पडली की वाफ उठते, थेट तोंडावर. पंखा एकच. तोही सुपरवायझरच्या खुर्चीकडे तोंड करून. लोकांची घरं चकाचक व्हावीत म्हणून दिवसभर वाफ गिळणारी मी, आणि अस्वच्छ म्हणे मीच.

पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा फक्त लाज वाटली. घरी येऊन ती सगळी आईवर काढली. तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी होती, तिने स्वतः शिवलेली. ती ओढून काढली.

"अगं, कालच उन्हात घातली होती," आई म्हणाली.

"डॉक्टर काय मूर्ख आहेत?"

कचऱ्याच्या गाडीत टाकली मी ती. आई दारात उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिली.

तरी माझं समाधान होईना. कंपनीत गळक्या बाटल्या आम्हाला फुकट देतात, उपकार केल्यासारख्या. त्या आणल्या. आधी मोरी, मग संडास, मग फरशीसुद्धा त्या ॲसिडनेच घासली. रोज. शेजारी वास जायला नको म्हणून दार-खिडक्या लावून. पंधरा दिवसांत आई खोकायला लागली. कधी न खोकणारी बाई. डोळे पदराने पुसत म्हणाली,

"घर माझं साफच होतं गं. आता तुझी कंपनी शिरलीय घरात."

मी तेव्हाच उठून बाटल्या पोत्यात भरल्या, बाहेर काढल्या, खिडक्या सताड उघडल्या. शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते. त्या शुक्रवारी मी दिवसभर घरातच बसले. तीच भिंत, तोच ओलसर कोपरा. संध्याकाळी आरशात बघितलं तर डोळ्यांतली लाली गेलेली. शिट्टी नाही. शनिवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा लालबुंद. पुढचे चार शुक्रवार हेच बघितलं. झुरळं काय शुक्रवारी सुट्टी घेतात?

माझ्या शेजारी काशी बुचं लावते. वांगणीकडच्या पाड्यावरची. तिच्या फॉर्मवर 'चुलीचा धूर' लिहिलं होतं. ती म्हणाली, "माझे आयशीची जिनगानी चुलीपुढं गेली. तिचे डोले कवा असे नाय झाले."

या मंगळवारी पुन्हा तपासणी झाली. तेच डॉक्टर, तेच अंतर.

"घर साफ केलंस का?"

"केलं."

मॅडमनी पुन्हा तेच लिहून फॉर्म पुढे केला. मी त्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : भरणी खात्यातली ॲसिडची वाफ. शुक्रवारी डोळे बरे असतात. मग सही केली.

"हे तू लिहायचं नाही. डॉक्टर आहेस का तू?" मॅडम म्हणाल्या.

"डोळे माझे आहेत."

काशी रांग सोडून पुढे आली. "माझेवर पन लिव. मला लिवता येत नाय." मी लिहिलं. तिने अंगठा दिला. मी दोन्ही कागदांचे मोबाइलवर फोटो काढले.

बुधवारी गेटवर आम्हा दोघींना अडवलं. साफ सांगितलं, यायचं नाही.

आज दुसरा दिवस, मी घरीच आहे. त्याच ओलीच्या घरात. डोळे स्वच्छ आहेत. आईची गोधडी परत येणार नाही. ती त्यांनी नाही, मी फेकली, आणि हे मी स्वतःला विसरू देणार नाही.

उद्या शुक्रवार. कारखाना बंद, सरकारी ऑफिस उघडं. कारखाने तपासणारे साहेब बसतात तिथे मी आणि काशी जाणार आहोत. तिथेही कोणी "तिथूनच बोल" म्हणालं, तर मी टेबलाला टेकून उभी राहीन. माझं म्हणणं माझ्याच शब्दांत लिहून घेईपर्यंत तिथून हलणार नाही.