मामांचं ‘बसणं’

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल! माझ्या मामांइतक्या मोठ्या आवाजात दारू सोडलेला माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. लोक दारू लपून पितात आणि त्याहून लपून सोडतात. मामांनी दोन्ही कामं भर चौकात केली. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झालाय की त्यांनी कानात गुपित सांगितलं तर ते पार शेजारच्या तालुक्यात, मोहोळला ऐकू जातं. शेजारच्या काकांनी प्रेमानंच सुचवलं, “तिथं मागच्या बोळातनं जात जा, लोकं बघतात.” झालं! मामा तिथंच कडाडले, “पिऊन गटारीत पडलो तवा सगळ्या पेठेनं बघितलं. आता सरळ चालतोय तर बोळातनं जाऊ व्हय?” आणि त्या दिवसापासून ते दर गुरुवारी पांढराशुभ्र फेटा बांधून, अत्तर लावून, रस्त्याच्या मधोमध चालत जातात. मागनं रिक्षावाले हॉर्न मारतात, मामा हात वर करून त्यांनाच आशीर्वाद देतात.

पण हे ‘तिथं’ सापडायलाच काय रामायण झालं! आमची मामी कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची. प्रेमात असली की मराठी बोलते, चिडली की कन्नड. वर्षानुवर्षं मामांच्या शपथा ऐकून झाल्यावर एक दिवस ती एवढंच म्हणाली, “साकु!” म्हणजे पुरे. आणि पिशवी भरून माहेरी गेली. मामा घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. मग मला म्हणाले, “ए बये, गाडी काढ. दारू सोडलेली मंडळी कुटंतरी बसत्यात म्हणं. हुडकू.” आता मला सांगा, आपल्याकडं ‘बसणं’ म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही? पण मामांनी पानटपरीवर विचारलंच, “ओ पाव्हणं, हितं संध्याकाळची मंडळी बसत्यात ती कुटं?” टपरीवाल्यानं मामांच्या लाल डोळ्यांकडं बघितलं आणि लगेच समोरचा परमिट रूम दाखवला. पुढच्या चौकात दुसऱ्यानं तर आपुलकीनं दुसऱ्याच परमिट रूमच्या दारात नेऊन सोडलं, “हितं बसा, चकणा लई भारी असतोय.”

मी म्हणलं, “मामा, बसतात म्हणू नका हो!”

“मग काय हुबी ऱ्हात्यात व्हय ती?”

मला हसू आलं, पण लगेच विरलं. कारण आतनं भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि चिरलेल्या कांद्याचा वास आला आणि मामांचे पाय जागेवरच थांबले. मी स्कुटीची किल्ली घट्ट धरली. आता आत गेले तर मामी काही परत येत नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. ओठावरनं जीभ फिरवली त्यांनी. मग असे ओरडले की आतला वेटर बाहेर आला, “ह्या दाराचा पत्ता मला इचाराय लागत न्हाय! दुसरा सांगा!”

शेवटी एका प्राथमिक शाळेत ती मंडळी सापडली. दुसरीच्या वर्गातले बाक! मामा बसले ते अडकलेच, दोघांनी ओढून काढले. तिथं ओळख गुपित राहावी म्हणून नुसतं पहिलं नाव सांगायचं असतं. मामांनी नाव, गाव, तालुका, कुलदैवत सगळं सांगितलं. “नाव पुरे,” म्हणाले तिथले एक काका. मामा म्हणाले, “गावाबिगर आमचं नाव निम्मंच हाय.” पण तिथं ऐकलेलं दुसऱ्या कुणाचं मात्र त्यांनी आम्हाला आजवर एका अक्षरानंही सांगितलेलं नाही. जुन्या दोस्तानं डिवचलं, “काय राव, बायकोला भ्यालास?” तर म्हणाले, “भ्यालो की! तू बी कुणाला तरी भी, सुटंल तुझी.”

आणि मग त्यांनी आनंदाच्या भरात मामीला फोन केला, “अगं, दर गुरुवारी बसाय लागलोय मी! लई चांगली मंडळी मिळाल्यात!”

फोन कट. परत लावला, तर उचलेचना!

पुढच्या गुरुवारी मामी दारात हजर. पदर खोचलेला, तोंडात कन्नड. मामा आधीच गेलेले. मी म्हणलं, “मामी, चल, कुठं बसतात ते तूच बघ.” त्या दिवशी घरच्यांनाही येऊ देत होते. मामी वर्गात शिरली, आणि समोर फेटा बांधलेले मामा हातात किटली घेऊन सगळ्यांना चहा देत होते. समोरचा ‘बास’ म्हणेपर्यंत ओतायचं, ही त्यांची रीत. मामी त्या एवढ्याशा बाकावर टेकली. तिनं कपबशी पुढं केली. मामा ओतत राहिले, ती ‘साकु’ म्हणेल म्हणून. ती म्हणालीच नाही. कप भरला, बशी भरली, चहा तिच्या बोटांवर आला.

“भाजलं का गं?” मामा म्हणाले. इतकं हळू, की शेजारी उभी राहूनही मला जेमतेम ऐकू आलं. हा आवाज त्यांच्याकडं होता, हेच मला माहीत नव्हतं.

मामी बोटं पदराला पुसत म्हणाली, “बघू. पुढच्या गुरुवारी सांगते.” मराठीत म्हणाली! आणि रात्रीच्या गाडीनं दुधनीला परत गेली. मामा आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, अंगणात फेटा वाळत घालतायत. उद्या गुरुवार आहे.

तुमच्या घरात झालंय का हो कधी असं, की कुणीतरी ‘पुरे’ म्हणायचं थांबलं आणि सगळ्यांना रडूच आलं?