दाराशी उभी बाई

माझी बहीण वासंती नवऱ्याचं घर सोडून आली, त्याच्या थोडं आधी आम्ही दोघींनी थिएटरात एक सिनेमा पाहिला होता. त्यातली बायको शेवटी दार ओढून घेते आणि मागे न बघता निघून जाते. परवा घरी आम्ही दोघींनी त्याच सिनेमाची दिग्दर्शकाच्या मनासारखी, न कापलेली आवृत्ती लावली. तीत ती कोपऱ्यावरून परत येते, बंद दाराशी बराच वेळ उभी राहते आणि मगच जाते. मला बसवेना. मग इतकी वर्षं आपण ओळखत होतो ती बाई कोण? माणसंही आपल्यापर्यंत अशी कापलेलीच पोचत असतील का?

वासंती हळूच म्हणाली, “मीही उभी राहिले होते गं. वाटायचं, असं उभी राहणारी मी एकटीच.”