ऑकेंडनची तालीम

"आधी पाहावं, मग न्यावं," असं सिरिल ऑकेंडन म्हणायचा. कुणी चहाला बोलावलं तरी म्हणायचा, कुणाच्या लग्नाचा बेत निघाला तरी म्हणायचा, आणि थांब्यावर एकटा उभा असला तर वाऱ्यालाही ऐकवायचा. नेदर पॉडलीत ते वाक्य कानावरून गेलं नाही असा माणूस नव्हता. पण त्या वाक्याचा भार जिने जन्मभर वाहिला ती त्याची बायको, मॅव्हिस.

आमचं गाव दोन टेकड्यांमध्ये मुठीत धरलेल्या अंड्यासारखं बसलेलं आहे. बस येते, दुकानापुढे वळते आणि चुकून आल्यासारखी लगबगीने निघून जाते. ऑकेंडनला मोटार घेण्याची ऐपत होती. पाणीपुरवठा खात्यात नळांची मोजमापं घेण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तिवेतन भक्कम होतं. पण मोटारीत बसून खेडं पाहणारा माणूस म्हणजे बरणीतला व्हिनेगरचा कांदा, असं त्याचं मत. खरं इंग्लंड बसने कळतं, आगगाडीने कळतं आणि उरलेलं पायांनी, हे तो शहरातून पाठपिशव्या लावून आलेल्या पोरापोरींना थांब्यावर गाठून सांगायचा. ती बिचारी सभ्यपणे माना डोलवायची आणि त्याचं सांगणं संपेपर्यंत त्यांची बस निघून जायची.

आता एका रात्रीच्या मुक्कामाला जायचं, तर साधा माणूस काय करतो? पिशवीत पायजमा टाकतो आणि निघतो. ऑकेंडनचं तसं नव्हतं. तो आधी नकाशा पसरायचा. कुठली बस कुठल्या गाडीला भेटते, मध्ये चहाला वेळ मिळतो का, पाऊस आला तर थांब्यावर छप्पर आहे का, हे सगळं महिनाभर चघळायचा. मॅव्हिसने एव्हाना टोपीला ब्रश मारलेला असायचा. मग एके दिवशी तो जाहीर करायचा, "आता तालीम."

तालीम म्हणजे तो एकटा जाऊन यायचा. त्याच बसने, त्याच गाडीने. ज्या पबाच्या वरच्या खोलीत दोघांनी राहायचं, तिथे रात्रभर झोपायचा, पलंग तपासायचा. सकाळी अंडी, सॉसेज, तळलेला पाव असा भरपेट न्याहारीचा नमुना घ्यायचा. परत आला की कोट खुंटीला लावता लावता मॅव्हिसला सांगायचा की नाही जमत. कधी पुढची जोडबस फार घाईची, कधी जिना उभा, कधी न्याहारीतलं मशरूम डब्यातलं. तुला नेण्याजोगं नाही, म्हणायचा, आणि खिशातून पबातला कागदात गुंडाळलेला चिमुकला साबण काढून तिच्या हातावर ठेवायचा.

असं अर्धं इंग्लंड तो पाहून आला. डेव्हनच्या लाल मातीच्या वाटा पाहिल्या, यॉर्कशरच्या दगडी भिंती पाहिल्या, नॉरफकचं सपाट आभाळ पाहिलं. मॅव्हिसने त्या सगळ्या मुलखांनी तोंड धुतलं. दुकानवाली बेरील टप एकदा मला म्हणाली की जगात बायकोला फसवणारे नवरे पुष्कळ असतात, पण बसच्या वेळापत्रकाशी लफडं करणारा हा एकच. ती हे त्याच्यासमोरही म्हणाली असती. त्याला ते कौतुक वाटलं असतं.

मॅव्हिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरांच्या पिढ्या तिच्या हातचं कस्टर्ड खाऊन मोठ्या झाल्या. मागणं म्हणून तिने कधी काही मागितलं नाही. एकच गोष्ट होती. मिलबर्थ नावाचं खेडं आहे, टेकड्यांपलीकडच्या खोऱ्यात. तिथे गल्लीच्या मधोमध ओढा वाहतो आणि प्रत्येक घराला उंबऱ्यापुढे फळीचा पूल आहे. तिथल्या पबात मॅव्हिसची आई लग्नाआधी मोलकरीण होती. पाहुण्यांच्या खोल्या झाडायची, चादरी बदलायची, पलंगाखालची लघवीची भांडी रिकामी करायची. लहानपणी मॅव्हिसला झोपवताना ती सांगायची की गल्लीवरच्या खोलीत उशीवर डोकं टेकलं की ओढा कानाशी बोलतो. पण आपल्याला काय, आपण ते चादर घालता घालताच ऐकलं.

गेल्या सप्टेंबरात बातमी आली की तो पब विकला गेला. ऑक्टोबर संपला की बंद, मग त्याची शहरी लोकांसाठी सुट्टीची घरं होणार. मॅव्हिसने त्या संध्याकाळी बटाटे सोलायचे थांबवून नवऱ्याला सांगितलं की आईने ज्या पलंगावर चादर घातली, त्यावर एक रात्र पाहुणी म्हणून झोपायचं आहे. ऑकेंडन म्हणाला, उत्तम विचार आहे. आणि नकाशा पसरला.

महिनाभर चघळणं चाललं. बीच झाडांच्या कुंपणांवर तांबूस रंग चढला, नांगरलेल्या रानात कावळे उतरले, सकाळी धुकं दुकानाच्या पाटीपर्यंत येऊन थांबू लागलं. इथून हॅर्स्टन या बाजारगावाला बस, तिथून खोऱ्याची बस. खोऱ्यात बस जाते फक्त बुधवारी आणि शनिवारी, परतते दुसऱ्या दिवशी, तेही हिवाळ्याचं वेळापत्रक लागेपर्यंतच. दोन्हींच्या मध्ये वेळ इतका थोडा की पहिली जरा रेंगाळली तर दुसरी गेलीच. ऑकेंडनचा चेहरा उजळला. अशी जोड त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी तो तालमीला गेला. गुरुवारी उतरला तो सरळ दुकानात, तंबाखूला. मॅव्हिस तिथेच पीठ घेत होती, आम्ही दोघे-तिघे उगाच उभे होतो. सगळ्यांदेखत त्याने निकाल सांगितला. येताना हॅर्स्टनला जोड चुकली, बाकावर थंडीत बसावं लागलं. पबाचं लाकूड कुजलंय. पलंग मध्ये खोलगट आहे. सगळ्याचा विचार करता, नाही.

मॅव्हिसने पिठाची पिशवी खाली ठेवली. "कुठली खोली दिली तुला?"

"गल्लीवरची. त्यांच्याकडली चांगली तीच."

"ओढा ऐकू येतो?"

ऑकेंडनने जरा आठवून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस तो नव्हताच. खोटं बोलला असता तर एक वेळ बरं झालं असतं. "खिडकी लावून घेतली होती मी," तो म्हणाला. "वारा येत होता."

बेरीलने उगाच काउंटर पुसायला घेतलं. ऑकेंडनने साबण काढून मॅव्हिसपुढे धरला. तिने तो घेतला, हातात जरा वजन केल्यासारखा धरला आणि त्याच्याच कोटाच्या खिशात परत ठेवून दिला. मग पिठाचे पैसे देऊन ती घरी गेली.

शनिवारी सकाळी बसच्या वेळेला ती टोपी घालून, लहानशी पिशवी घेऊन माझ्यासमोरच दुकानापुढच्या थांब्यावर आली. मागून ऑकेंडन येत होता, घरातल्या चपला घालून, बिनकोटाचा. त्याचं बोलणं वाटेवरच सुरू झालं होतं. तिने कधी एकटीने जोड घेतली नाही, हॅर्स्टनला थांबा चौकाच्या पलीकडे आहे, आज बाजाराचा दिवस, बस रेंगाळणार. ती ऐकत होती, जसं पावसाचं ऐकतात.

बस दिसली तशी मॅव्हिसने हात लांब केला. नेव्हिल ड्रायव्हरने दार उघडलं. आमच्याकडचे ड्रायव्हर ऐंशीच्या बाईलाही लाडकेच म्हणतात.

"चढ लाडके, पायरी ओली आहे. कुठवर?"

"मिलबर्थ. पण खोऱ्याची बस चुकेल म्हणतात."

"कोण म्हणतं? ती माझा मेव्हणा चालवतो. निघायच्या आधी फोन टाकतो त्याला, थांबेल."

मी ऑकेंडनकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याने नकाशे वाचले, खांबांवर डकवलेले कागद वाचले, आभाळ वाचलं. ड्रायव्हरला एक प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारणं म्हणजे माहीत नाही असं कबूल करणं.

"असं चालत नाही," तो म्हणाला. "बस वेळापत्रकाप्रमाणे सुटली पाहिजे."

"सुटेल की. ही बाई बसल्यावर सुटेल."

मॅव्हिस पायरीवरून वळली. "सिरिल, पबाला फोन केलाय मी. तीच खोली आहे, दोघांची. दुकानातून बेरीलचा कोट घे अंगावर आणि ये. मी खिडकी उघडी ठेवणार आहे, एवढं आधी सांगते."

बेरील आधीच कोट घेऊन दारात आली होती. नेव्हिलने इंजिन चालू ठेवून वाट पाहिली. नुसती वाट पाहणारी बस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ऑकेंडनची नजर कोटावर गेली, पायरीवर गेली, वर टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेली. क्षणभर वाटलं, चढला.

"मी तर जाऊन आलोय," तो म्हणाला.

मॅव्हिसने मान हलवली आणि आत गेली. दार मिटलं.

ऑकेंडन वळला आणि घराकडे निघाला. हात पाठीमागे बांधलेले, मान ताठ, ओल्या रस्त्यावर चपला चपचप वाजत होत्या. बेरील कोट हातात धरून पाहत राहिली. बस दुकानापुढे सावकाश वळली, तेव्हा मागच्या काचेत मॅव्हिसची टोपी दिसली. मॅव्हिसही त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिने शेजारची खिडकी आताच थोडी सरकवून उघडली होती.