चेजूचा निरोप

सटवा माझा चुलतभाऊ, तलवाड्याचा. मलायातल्या कैदेतून शेहेचाळीस साली परत आला तो दुसऱ्याच कुणाला तरी संगं घेऊन, असं गाव म्हणायचं. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? पण या वेळी गाव फारसं चुकलं नव्हतं.

सटवा निजामाच्या पलटणीत शिपाई होता. त्याने ‘न्हाई’ म्हटलं की हैदराबादेची शिपाई पोरं दिवसभर ‘न्हाई, न्हाई’ करत हसायची. पुढे कैदेत जपान्यांनी पहाऱ्यावर कोरियाची माणसं ठेवली. त्यातला को नावाचा एकजण चेजू बेटावरचा. तिथली बोली इतर कोरियनांना धड कळत नसे, तेही त्याला असेच हसायचे. म्हणून को भला होता असं नाही. सटवाच्या पाठीवर त्याच्या काठीचे वळ मी पाहिलेत. पण तापाने आडवा झाल्यावर त्याने सटवालाच जवळ बोलावलं. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, आईला निरोप द्यायचाय. आपल्या लोकांपाशी दिला तर ते तो शहरी बोलीत करून टाकतील, आईला परका वाटेल. दोन दिवस त्याने दहा-बारा शब्द सटवाकडून घोटून घेतले आणि अर्थ सांगायच्या आत मेला. पहिला शब्द तेवढा सटवाला कळला होता. ओमोंग, म्हणजे आई.

परत आल्यावर तालुक्याच्या कचेरीत सटवाने चेजूची वाट विचारली, तर मुन्शी हसला. मग विसरू नये म्हणून तो निरोप मोटेवर म्हणू लागला. बाकीचे मोट हाकताना गाणी म्हणतात. हा रोज सकाळी शंभरदा तेच म्हणायचा. थांबलो की को मागे येऊन उभा राहतो, असं तो बायकोला सांगे.

छबुबाई, त्याची बायको, खाली वाफ्यांत पाणी वळवायची. शब्द रोज कानी पडायचे, पण मेलेल्या पहारेकऱ्याची गोष्ट तिला खरी वाटेना. विहिरीपाशीच बोलतो, म्हणजे विहिरीतल्या आसरांनी, पाण्यातल्या बायांनी, झपाटलं, असं ती धरून चालली. आसरांची ओटी भरली, उतारा टाकला. शेवटी देवऋषी आणला. त्याने सटवाला मिरच्यांच्या धुरात कोंडून लिंबाच्या फोकाने झोडपलं. तीन दिवस तापात काढून सटवा मोटेवर गेला, तर ओमोंगच्या पुढे काही आठवेना.

मला त्या देवऋषीचा अजून राग येतो, छबुबाईचा येत नाही. नवरा सुटला म्हणून ती चार दिवस पोटभर जेवली. सटवा मात्र बैल सोडून विहिरीच्या काठावर नुसता बसायचा, जेवणाला शिवायचा नाही. विचारलं तर म्हणाला, “आता त्यो मागं उभा ऱ्हात न्हाई. समूर बसतो. माज्या तोंडाकडं बघतो.”

छबुबाईला तो निरोप सगळा येत होता. वर्षभर वाफ्यात उभी राहून ऐकलेला. सांगावा तर नवरा पुन्हा त्या मेलेल्याच्या तावडीत जाणार, न सांगावा तर असाच झिजून मरणार. पाचव्या दिवशी ती काठावर गेली, डोक्यावरून पदर घेतला आणि शेवटच्या शब्दापर्यंत सगळा निरोप म्हटला. सटवा लहान लेकरागत रडला. त्या दुपारी दोन भाकरी खाल्ल्या.

पुढच्याच उन्हाळ्यात तो गेला. धुराने छाती कायमची धरली होती.

आता मोट गडी हाकतो आणि छबुबाई वाफ्यात उभी राहून निरोप म्हणते. मी एकदा म्हटलं, वैनी, सोडा आता, तुमच्या मागं कोण हाय?

“मागं न्हाई, भावजी,” ती म्हणाली. “समूर हायेत. दोघं.”