चपलेचा पट्टा

आमच्या बाबांइतका कमी बोललेला माणूस सबंध सिंधुदुर्गात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने ते कुणाला सांगितलेलं नसणार. हायस्कुलात तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात त्यांना चार शब्द बोलायचा फार आग्रह झाला. ते उठले, "सगळ्यांचा बरा होवंदे" म्हणाले आणि बसले. चारातलाही एक शिल्लक ठेवला. घरात त्यांचा कारभार खोकल्यावर चालतो. एक खोकला म्हणजे चहा, दोन म्हणजे दारात कोणीतरी आलंय, आणि जेवताना नुसताच घसा खाकरला तर आमटीत मीठ कमी. आईला ही भाषा बिनचूक येते. एकदा त्यांना खरोखरच सर्दी झाली, तर आईने संध्याकाळपर्यंत अकरा वेळा चहा केला आणि बाबांनी तो अकराही वेळा निमूटपणे घेतला. फोनवर तर ते मान हलवतात. पुण्याहून माझी बहीण घरचं, दारचं, मुलांचं सगळं सांगून शेवटी "बाबा, कळलं ना?" विचारते. बाबा इकडे पडवीत छान मान डोलावतात. ती बिचारी नेटवर्क गेलं असं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

असा माणूस बाजारात गेला तर काय होणार? मासळीवाली सांगेल तो भाव त्यांना मान्य. एकदा मी सोबत होतो. बांगड्यांच्या वाट्याचे तिने दोनशे सांगितले आणि बाबांनी दोनशे काढले. ती बाई गोंधळली. सांगितलेला भाव कोणी देतं, याची तिला सवयच नव्हती. "भाऊंनू, मी दोनशे म्हटलंय. तुम्ही कायतरी कमी करून मागा मां," ती म्हणाली. बाबा गप्प. ती एकशे ऐंशीवर आली, मग एकशे साठवर, आणि शेवटी स्वतःवरच चिडून तिने दीडशे घेतले आणि वर दोन बांगडे टाकले. माझा तिथे जळफळाट झाला. मला तासभर घसा फोडून जे मिळत नाही, ते हा गृहस्थ तोंड न उघडता पिशवीत घालून निघाला होता.

कारण माझं पोटच तोंडावर आहे. जुनी घरं मोडतात, त्यांचे वासे, खांब, दारं, कौलं विकत घेऊन मी विकतो. शिकलो कमी, पण समोरच्या माणसाचा चेहरा वाचता येतो, आणि डोकं तापायला मला काडी लागत नाही. एका भाड्याच्या टेम्पोवर सुरुवात केली, आज घराला लागून स्वतःची वखार आहे. वखारीच्या मुहूर्ताला गाव लोटला होता. पाठ थोपटून घेऊन घेऊन माझी पाठ दुखली. बाबा आले, वाशांवरून एकदा हात फिरवला, शहाळं प्यायले, "बरा आसा" म्हणाले आणि घरी गेले. ते वखारीबद्दल बोलले की शहाळ्याबद्दल, हे मला कळलं नाही. वीस वर्षं ही गोष्ट माझ्या मनात कुसळासारखी टोचत होती. ज्या धंद्यावर घर उभं राहिलं, त्याबद्दल बापाने एक वाक्य बोलू नये? माझे निम्मे सौदे तर आमच्या घरापुढच्या खळ्यातच होतात. मी तिथे उन्हात ओरडत असतो आणि बाबा दहा हातांवर पडवीत पेपर धरून बसलेले. तासभर त्यांचं पानसुद्धा उलटत नाही. "त्यांका माझ्यापेक्षा पावसाचे अंदाज जवळचे," असं मी आईला कितीदा तरी सुनावलं आहे.

फक्त गुरुवारी त्यांच्यात जीव येई. इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री, "जावन येतंय" एवढंच बोलून सकाळच्या एसटीने वेंगुर्ला आणि तिथून रेडी. रेडीला पास्कू मास्तर राहत. बाबांच्याच हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे आणि निवृत्तीनंतर त्यांनी बंदराच्या रस्त्यावर लहानसं चहाचं हॉटेल घातलं होतं. तिथे हे दोघे काय करत असतील, असं मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "करतले काय? गप बसान दर्या बघीत असतीत."

दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी मलाच रेडीला जावं लागलं. एका जुन्या घराची दारं बघायची होती. मास्तरांच्या हॉटेलाबाहेर खनिजाचे चार ट्रक उभे होते. त्यातल्या एकाच्या आडोशाला मी मोटारसायकल लावली आणि माझ्या कानावर माझाच आवाज आला. मी तर तोंड उघडलेलं नव्हतं.

ट्रकच्या मागून डोकावलो. आत बाकांवर ड्रायव्हर दाटीवाटीने बसले होते आणि मधे बाबा उभे होते. खांद्यावर टॉवेल, माझ्यासारखाच डाव्या. भुवया वर, माझ्यासारख्याच. हॉटेलाच्या दाराला बोटाने टिचकी मारून ते मास्तरांना विचारत होते, "ह्या दार आसा की चाळण? ह्येच्यात ऱ्हवाक वाळवीक पण लाज वाटात." मास्तर विकणाऱ्याच्या भूमिकेत हात जोडत होते. बाबांनी टॉवेल झटकला, "ऱ्हवांदे तुझा तुका," म्हणाले आणि तडक निघाले. सगळे ड्रायव्हर एका सुरात पावलं मोजू लागले. पाचव्या पावलाला बाबा थबकले, खाली वाकले आणि चपलेचा पट्टा लावता लावता काखेखालून मागे बघू लागले. हॉटेल हसून हसून कोसळलं. "पाचव्या पावलाक ह्येचो पट्टो सुटताच," बाबा म्हणाले. "नवी चप्पल आसली तरी सुटता."

मी संतापलो. माझी नक्कल, आणि तीही परक्या ड्रायव्हरांपुढे! चार शब्द सुनावायला मी पाऊल उचललं, तेवढ्यात एका ड्रायव्हरने डोळे पुसत विचारलं, "पण काका, हा माणूस आहे तरी कोण?"

"माझो झील," बाबा म्हणाले.

"तुमचा मुलगा?" ड्रायव्हरने विचारलं. बाबा बाकावर टेकले. "ल्हानपणी माझ्यासारखोच गप होतो. पण माका भाव करूक येणा नाय, म्हणान घरात कोणीतरी शिकाक होया होता. तो शिकलो. आता आमच्या दोघांच्या वाटचा तोच बोलता." आणि कोणी काही म्हणायच्या आत ते पुन्हा उठून टॉवेल झटकू लागले.

मी ट्रकमागेच राहिलो. त्या रस्त्यावर लाल धूळ इतकी उडते की माणसाने डोळे चोळले तर कोणाला संशय येत नाही. न उलटणाऱ्या पेपरच्या पानाचा उलगडा मला तिथे झाला. बाबांची एसटी गेल्यावर मी मास्तरांपुढे जाऊन बसलो आणि म्हटलं, घरी तर हा माणूस तोंड उघडत नाही. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "तुझो बापूस आणि गप? अरे, तीस वर्सां झाली, माका एक वाक्य पुरा करूक गावाक नाय."

मी घरी काहीच बोललो नाही. मात्र त्या आठवड्यापासून अवघड सौदे बुधवारी ठेवू लागलो, आणि तेही पडवीच्या अगदी समोर. सरळ पटणाऱ्या भावातसुद्धा भांडणं उकरून काढायचो. वाशांना, कौलांना, विकणाऱ्याच्या आजोबांना नावं ठेवायचो. पाच पावलं जायचो, वाकायचो. आई म्हणायची, ह्याचं डोकं बुधवारी जास्तच फिरतं. बाबांचा पेपर किंचित हलायचा.

यंदा पास्कू मास्तर लेकीकडे मडगावला राहायला गेले आणि हॉटेल बंद झालं. गुरुवारी बाबा अजूनही इस्त्रीचा शर्ट घालतात, पण छत्री खुंटीलाच असते. माझेही बुधवार ढिले पडले. परवाच्या बुधवारी एकजण चार खांब घेऊन आला. मी दोनदा नाही म्हटलं, उगाच निघाल्यासारखं केलं आणि तसाच माघारी येऊन भाव ठरवून टाकला. मजा कोणासाठी करायची?

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन पडवीतून जात होतो. बाबांनी खोकला केला नाही. पेपरमधून मान वर न काढता ते म्हणाले, "काल तीनच पावलां गेलंस. पट्टो पण सुटाक नाय."

आजवर प्रत्येक बोलण्यात शेवटचा शब्द माझाच राहिला आहे. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. बाबांनी ती बघितली असावी, कारण त्यांनी पेपरचं पान उलटलं.