गुप्तेबाई आणि दोन नंबरची डिस्क

एकाच कॉम्प्युटर रूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से आठवावे लागत नाहीत, चहा यायच्या आधीच सुरू होतात. आमची रूम गोरव्यातल्या एका कारखान्यात होती आणि निम्मे किस्से सिस्टिम सांभाळणाऱ्या गुप्तेबाईंचे. आमच्या गुजराती साहेबांना 'नाही' म्हणणारी तेवढी एकच व्यक्ती! आम्ही बाकीचे माना डोलवायचो. त्याची मला आजही लाज वाटते.

मशीन युनिक्सचं. त्यात प्रिंटर, टर्मिनल, डिस्क, सगळ्यांना नावं. हुकूम त्या नावाने सोडायचा. तो पोचणार कुठे, हे मागे कुठली वायर कुठे खोचलीय त्यावर!

*

डिस्पॅचच्या जोशींनी एकदा कॅन्टीनविरुद्ध तक्रार टाईप केली : 'साहेबांचा डबा घरून येतो, त्यांना इथली डाळ काय कळणार!' प्रिंट दिली डिस्पॅचच्या प्रिंटरला. आदल्या दिवशी वायरींची अदलाबदल झालेली. कागद निघाला साहेबांच्या केबिनमध्ये!

"हे काय आहे?" साहेब कडाडले.

गुप्तेबाई म्हणाल्या, "प्रिंटर चुकला, साहेब. मजकूर बरोबर आहे!"

*

पाद्र्याहून रोज येणारे आमचे ऑपरेटर जशभाई तासाभराचा बॅकअप तीन मिनिटांत उरकू लागले. साहेब खूष, सत्कार ठरला! झालं असं होतं, की त्यांनी दिलेल्या नावाचा टेप ड्राइव्ह मशीनला नव्हताच. मशीनने त्या नावाची साधी फाईल आपल्याच डिस्कवर केली आणि सगळं तिच्यातच ओतलं.

सत्काराच्या दिवशी बाईंनी टेप साहेबांसमोर ठेवली. "हार घाला. पण आधी हिचं प्लास्टिक तर काढा!"

*

साहेबांनी टर्मिनलांवर ऑइल पेंटने नंबर घातले. मग टेबलं हलली, टर्मिनलं दुसऱ्याच वायरींना लागली, रंगवलेले नंबर तेच राहिले. एकदा स्टोअरचं टर्मिनल अडकलं. साहेब म्हणाले, "पाच बंद करा."

"मशीनचं पाच आता तिथे नाही, साहेब."

"लिहिलंय ना पाच? बंद करा!"

बाईंनी केलं. साहेबांच्या केबिनमधला स्क्रीन काळा झाला!

*

दसऱ्याला मशीनची पूजा. वायरी काढून सगळं पुसायचं, कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. वायरी परत खोचायला दहा हात! त्या वर्षी डिस्क दोन : जुनीत कारखान्याची सगळी ड्रॉइंग्ज, आणि त्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही. नवी कोरी. जुनी एक नंबर, नवी दोन नंबर.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम, "दोन नंबर पुसून फॉरमॅट करा."

"आधी नुसती वाचते. दिवा कुठल्या डिस्कचा लागतो ते बघू."

"बेन, दोन म्हणजे दोन! दाबो ने एन्टर!"

"नाही दाबणार."

साहेब लाल झाले. "दाबा, नाहीतर सोमवारपासून वाघोडियाचं गोडाऊन!"

बाईंचं घर गोरव्यातच, वाघोडिया पार शहरापलीकडे. ती बदली म्हणजे राजीनामाच, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही नेहमीसारख्या माना डोलवल्या.

बाईंनी दोन नंबर वाचायचा हुकूम दिला आणि उठल्या. दोन्ही डिस्कचे दिवे माळांखाली झाकलेले. नव्या डिस्कची माळ उचलली. दिवा बंद.

त्या जुनीकडे वळल्या.

"पूजानी माळा छे, बेन!" साहेब ओरडले.

"असू दे."

माळ वर केली. झेंडूमागे हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता.

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली.

"साहेब, वाघोडियाची बस किती वाजताची?"